रेक्याविक ते आक्युरेरी : अडीचशे किलोमीटर आणि पंचेचाळीस मिनिटांचा हिशोब

आइसलँडची राजधानी रेक्याविक आणि देशाच्या उत्तर किनाऱ्यावरचे आक्युरेरी या दोन शहरांच्या विमानतळांमध्ये सरळ रेषेत सुमारे २५० किलोमीटर अंतर आहे आणि वेळापत्रकात या प्रवासासाठी साधारण ४५ मिनिटे राखलेली असतात. या दोन आकड्यांचा भागाकार केला तर ताशी ३३३ किलोमीटर एवढा वेग निघतो. या मार्गावर उडणारी डॅश ८ जातीची टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइन इंजिनाने पंखा फिरवणारी, विमाने मात्र ठरलेली उंची गाठल्यावर त्याच्या दीडपटीहून अधिक, आणि त्यांतली मोठी विमाने तर जवळजवळ दुप्पट वेगाने जातात. हा वेग जातो कुठे, हा या प्रकरणातला पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न त्याहून वजनदार आहे. रेक्याविकचा शहरी विमानतळ आहे तिथेच ठेवायचा की हलवायचा, हा वाद आइसलँडमध्ये दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे. त्या वादात अंतर आणि वेळ यांचे कोणते आकडे तराजूत घालायचे, याचे उत्तर पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातूनच मिळते.

ही जोडी अभ्यासासाठी निवडण्याची कारणे सरळ आहेत. आइसलँडमध्ये रेल्वे नाही, त्यामुळे तुलना फक्त रस्ता आणि विमान यांच्यातच करावी लागते. दोन्ही ठिकाणे एकाच प्रमाणवेळेत आहेत आणि तिथे वर्षभर घड्याळे ग्रीनिचच्या वेळेवर चालतात, त्यामुळे पोहोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा केली की थेट प्रवासाचा वेळ मिळतो. शिवाय हा मार्ग जुना आहे. १९३७ साली आक्युरेरीतच एक छोटी विमान कंपनी स्थापन झाली आणि पाण्यावर उतरणाऱ्या एका विमानावर तिचा कारभार सुरू झाला. आजच्या आइसलँडएअरचा उगम तोच. रेक्याविकचा विमानतळ त्यानंतरचा आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या शरद ऋतूपासून, ब्रिटिश सैन्याने तो शहराला लागूनच असलेल्या पाणथळ जागेवर बांधला, आणि युद्ध संपल्यावर तो देशांतर्गत वाहतुकीचे केंद्र झाला. बहुतेक आंतरराष्ट्रीय उड्डाणे मात्र रेक्याविकपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या केफ्लाविकच्या विमानतळावरून होतात. हा भेद पुढच्या सगळ्या हिशोबात ध्यानात ठेवावा लागेल.

अडीचशे किलोमीटर कसे येतात

दोन विमानतळांमधले अंतर मोजताना शहरांची केंद्रे धरत नाहीत. प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू ठरलेला असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश वैमानिकी नकाशांत छापलेले असतात. रेक्याविकचा संदर्भबिंदू साधारण ६४.१३ अंश उत्तर आणि २१.९४ अंश पश्चिम येथे, तर आक्युरेरीचा ६५.६६ अंश उत्तर आणि १८.०७ अंश पश्चिम येथे आहे. म्हणजे आक्युरेरी हे रेक्याविकच्या १.५३ अंश उत्तरेला आणि ३.८७ अंश पूर्वेला आहे.

इथे एक फसवी पायरी आहे आणि ती जरा थांबून पाहण्याजोगी आहे. अक्षांशाचा एक अंश जगात कुठेही सुमारे १११ किलोमीटरचा असतो, हे शाळेत शिकवलेले असते, आणि तेच माप रेखांशालाही लावण्याचा मोह होतो. तसे केले तर उत्तरेकडे १७० आणि पूर्वेकडे ४३० किलोमीटर मिळतात आणि काटकोन त्रिकोणाच्या नियमाने कर्ण ४६० किलोमीटरच्या पुढे जातो. हे उत्तर जवळजवळ दुप्पट चुकीचे आहे. रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येत जातात, त्यामुळे रेखांशाच्या एका अंशाची रुंदी अक्षांशाच्या कोज्येच्या (कोसाइनच्या) प्रमाणात घटते. पासष्टाव्या अक्षांशाजवळ ती सुमारे ४७ किलोमीटर उरते. म्हणून पूर्वेकडचे खरे अंतर ३.८७ गुणिले ४७, म्हणजे सुमारे १८३ किलोमीटर येते. उत्तरेकडचे १७० आणि पूर्वेकडचे १८३ यांचा कर्ण २५० किलोमीटर. पृथ्वी पूर्ण गोल धरली काय किंवा ध्रुवांपाशी किंचित चपटी धरली काय, या उत्तरात पूर्ण किलोमीटरभराचाही फरक पडत नाही. नाविक मैलांत हेच अंतर १३५ भरते, आणि वैमानिक व वाहतूक नियंत्रक बोलतात ते याच मापात, कारण अक्षांशाची एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, ही जवळजवळ एक नाविक मैल, असा त्या मापाचा पृथ्वीशी थेट संबंध आहे.

लांब पल्ल्याच्या उड्डाणांत गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर कमानीसारखा दिसतो आणि होकायंत्राची एकच दिशा धरून गेले तर अंतर बरेच वाढते. या जोडीत तो मुद्दा गौण आहे. एकच दिशा धरून गेल्यास इथे होणारी वाढ शंभर मीटरसुद्धा नाही, आणि निघताना व पोहोचताना दिशेत पडणारा फरक साडेतीन अंशांच्या आसपास आहे. जिथे अंतर अडीचशे किलोमीटर आहे तिथे महावृत्ताची, म्हणजे गोलावरच्या या सर्वांत जवळच्या मार्गाची, चर्चा लांबवण्यात अर्थ नाही.

ही सरळ रेषा ज्या भूमीवरून जाते ती मात्र गौण नाही. रेक्याविकहून ईशान्येला निघालेली रेषा देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या हिमनदीच्या, म्हणजे लांगयोकुलच्या, वायव्य कडेजवळून जाते. तिथेच १,६७५ मीटर उंचीचा एरिक्सयोकुल हा हिमाच्छादित पर्वत उभा आहे. त्यापुढे ओसाड पठार लागते आणि शेवटी आक्युरेरीच्या पश्चिमेचा डोंगराळ प्रदेश येतो. खुद्द आक्युरेरीचा विमानतळ एयाफ्योर्दुर या लांब, अरुंद खाडीच्या आतल्या टोकाशी, समुद्रसपाटीपासून दोन-तीन मीटर उंचीवर, नदीच्या मुखाशी साचलेल्या सपाट भूमीवर आहे. त्याची एकच धावपट्टी दक्षिणोत्तर पसरलेली असून २००९ साली ती वाढवून २,४०० मीटर करण्यात आली. दोन्ही बाजूंना डोंगर असल्याने विमानाला पूर्वेकडून किंवा पश्चिमेकडून थेट धावपट्टीवर उतरता येत नाही. खाडीच्या किंवा दरीच्या अक्षावर येऊन, मग उत्तरेकडून अथवा दक्षिणेकडून उतरावे लागते. सरळ रेषा ईशान्येची आणि धावपट्टी उत्तर-दक्षिण, त्यामुळे वळण अटळ आहे.

म्हणून विमानाने प्रत्यक्ष कापलेले अंतर २५० किलोमीटर नसते. उड्डाणानंतरचे वळण, ठरलेल्या मार्गबिंदूंना धरून जाणे आणि उतरण्याआधी धावपट्टीच्या रेषेत येणे यांत वीस-पंचवीस किलोमीटरची भर सहज पडते. पुढच्या हिशोबासाठी मी २७२ किलोमीटर धरले आहेत. वारा दक्षिणेकडचा असेल आणि विमानाला खाडीवर उत्तरेकडे पुढे जाऊन, मागे वळून दक्षिणेकडे तोंड करून उतरावे लागत असेल, तर ही भर आणखी वाढते.

चौतीस मिनिटे हवेत

आता वेळ. डॅश ८ च्या मोठ्या, ७६ आसनांच्या प्रकाराचा सरळ उड्डाणातला कमाल वेग ताशी सुमारे ६६७ किलोमीटर आहे आणि छोट्या, ३७ आसनांच्या प्रकाराचा ५३७ च्या आसपास. दोहोंच्या मध्ये ताशी ६०० किलोमीटर धरले, तर २५० किलोमीटरला २५ मिनिटे पुरायला हवीत. अंतर सांगणारी अनेक साधने हाच भागाकार करून उड्डाणाचा वेळ म्हणून दाखवतात. तो आकडा खोटा म्हणता येणार नाही, पण तो अशा विमानाचा आहे जे एका क्षणात पूर्ण वेगाने अवतरते आणि दुसऱ्या टोकाला त्याच वेगात अदृश्य होते.

खरे विमान चढते आणि उतरते. ढोबळ पण वाजवी गृहीतके अशी धरू : पहिली १० मिनिटे चढण, सरासरी ताशी ४०० किलोमीटर, शेवटची १२ मिनिटे उतरण आणि धावपट्टीकडे येणे, सरासरी ताशी ४३० किलोमीटर. चढणीत ६७ आणि उतरणीत ८६, अशी १५३ किलोमीटर या दोन टप्प्यांतच संपतात. एकूण २७२ पैकी उरतात ११९ किलोमीटर, आणि ताशी ६०० च्या वेगाने त्यांना लागतात १२ मिनिटे. बेरीज होते ३४ मिनिटे. त्यांत विमान आपल्या खऱ्या वेगाने जाते ती फक्त बारा.

या बारा मिनिटांत एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. ताशी ६६७ किलोमीटरचे विमान हा मधला टप्पा पावणेअकरा मिनिटांत संपवेल आणि ताशी ५३७ चे सव्वातेरा मिनिटांत. दोन विमानांच्या वेगांत जवळजवळ चौथाईचा फरक असूनही प्रवाशाच्या वाट्याला येतो तो अडीच मिनिटांचा फरक. ताशी ८०० किलोमीटरने जाणारे जेट या टप्प्यावर आणले, तरी मधल्या भागातून तीन मिनिटांच्या वर काही वाचणार नाही, आणि कमी उंचीवरच्या छोट्या फेऱ्यांत जेट इंजिन टर्बोप्रॉपपेक्षा बरेच जास्त इंधन जाळते. आइसलँडच्या देशांतर्गत मार्गांवर पंख्यांची विमाने का टिकून आहेत, याचे उत्तर जुनेपणाच्या आवडीत शोधण्याचे कारण नाही. ते या पावणेअकरा आणि सव्वातेरा मिनिटांच्या तुलनेत आहे.

वेळापत्रकातली ४५ मिनिटे आणि हवेतली ३४ मिनिटे यांच्यात जे उरते ते जमिनीवरचे आहे. विमान कंपन्या वेळापत्रक आखतात ते विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर येऊन थांबेपर्यंतच्या काळाचे. या व्यवसायात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. इंजिने सुरू झाल्यावर धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणे, परवानगीची वाट पाहणे, उतरल्यावर टर्मिनलपर्यंत येणे, यांना छोट्या विमानतळांवर दहा-अकरा मिनिटे लागतात. मोठ्या विमानतळावर याच कामाला अर्धा तास जाऊ शकतो, आणि प्रादेशिक विमानतळाचा खरा लाभ मला इथे दिसतो : टर्मिनलच्या दारातून धावपट्टी जवळ असते आणि रांगेत पुढे फार विमाने नसतात.

वाऱ्याचे देणे आणि घेणे

उत्तर अटलांटिकवरून कमी दाबाचे पट्टे एकामागून एक येत असल्याने आइसलँडवरचा वारा वारंवार दिशा बदलतो, तरी वरच्या थरांत पश्चिमेकडून येणारे वारे अधिक वाहतात. ईशान्येला जाणाऱ्या विमानाला त्यांचा बहुधा फायदा होतो आणि परतीच्या विमानाला तोटा. जाण्या-येण्याच्या वेळांत फरक दिसला तर त्याचे पहिले कारण हे.

पुष्कळ जणांना वाटते की जाताना मिळालेला फायदा येताना फेडला की हिशोब मिटला. तसे होत नाही. २५० किलोमीटर, ताशी ६०० चा वेग आणि वारा नाही, अशा स्थितीत जाऊन-येऊन ५० मिनिटे लागतात. आता मार्गाच्या दिशेने ताशी १०० किलोमीटरचा वारा घेऊ. जाताना जमिनीच्या सापेक्ष वेग ७०० होतो आणि २१.४ मिनिटे लागतात; येताना तो ५०० होतो आणि ३० मिनिटे लागतात. बेरीज ५१.४. सव्वा मिनिटाहून थोडा अधिक वेळ कायमचा गेला, कारण प्रतिकूल वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते आणि अनुकूल वाऱ्यात कमी. वारा पूर्ण आडवा असला तरी सूट नाही. ताशी १०० किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात मार्गावर टिकून राहण्यासाठी विमानाला नाक साडेनऊ अंशांहून थोडे जास्त वाऱ्याकडे वळवून धरावे लागते आणि पुढे जाण्याचा वेग ५९२ वर येतो. वारा कोणत्याही दिशेचा असो, जाण्या-येण्याचा एकूण वेळ वाढतोच.

या मार्गावर वाऱ्याचे खरे महत्त्व मात्र हवेतल्या मिनिटांत नाही. ते धावपट्टीवर आहे.

तीनाच्या दोन धावपट्ट्या

रेक्याविकच्या विमानतळावर पूर्वी तीन धावपट्ट्या वापरात होत्या. धावपट्टीचे नाव म्हणजे तिच्या चुंबकीय दिशेचे दहाच्या पटीतले अंश : ०१/१९ ही जवळजवळ उत्तर-दक्षिण, १३/३१ ही आग्नेय-वायव्य आणि ०६/२४ ही ईशान्य-नैऋत्य. तिसरी धावपट्टी सर्वांत आखूड होती आणि तिच्या टोकाला घरबांधणीची योजना आली. तो वाद न्यायालयात गेला आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने, देशाच्या सरकारने ती धावपट्टी बंद करण्याचे आपले वचन पाळावे, असा निकाल दिला.

आखूड आणि क्वचित वापरली जाणारी धावपट्टी गेली तर बिघडले काय, असे नकाशा पाहून वाटू शकते. कोन मोजले की चित्र बदलते. वारा ७० अंशांकडून, म्हणजे पूर्व-ईशान्येकडून, येतो आहे असे समजा. ०१ च्या धावपट्टीशी त्याचा कोन ६० अंशांचा, आणि १३ च्या धावपट्टीशीही ६० अंशांचाच. उरलेल्या दोन धावपट्ट्यांसाठी याहून वाईट दिशा असूच शकत नाही. हीच गोष्ट २५० अंशांच्या वाऱ्याची. ४० नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी एक नाविक मैल) वारा ६० अंशांच्या कोनात आला तर त्याचा आडवा घटक सुमारे ३५ नॉट भरतो. डॅश ८ च्या मोठ्या प्रकारासाठी चाचणीत दाखवून दिलेला आडवा वारा ३२ नॉटचा आहे, आणि तोही कोरड्या धावपट्टीवर. बर्फ आणि पाणी असताना स्वीकारार्ह मर्यादा आणखी खाली येते. तोच ४० नॉटचा वारा ०६ च्या धावपट्टीशी फक्त १० अंशांचा कोन करतो आणि आडवा घटक अवघा ७ नॉट उरतो. म्हणजे ती धावपट्टी वर्षातून थोडे दिवस वापरली जात असली, तरी ते नेमके असे दिवस होते जेव्हा दुसरा पर्याय नव्हता.

२०२५ च्या फेब्रुवारीत परिस्थिती आणखी आवळली. विमानतळाच्या पूर्वेला असलेल्या ओस्क्युलीद टेकडीवरची झाडे वाढून उड्डाणमार्गासाठी मोकळ्या ठेवायच्या अवकाशात शिरली होती, आणि त्यामुळे १३/३१ ही धावपट्टी बंद करण्याचा आदेश निघाला. झाडे तोडली गेल्यावरच ती पुन्हा खुली झाली. तोवर वाऱ्याने ०१/१९ ला साथ दिली नाही तर विमान उतरण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या दिवशी विमान उडत नाही त्या दिवशी रेक्याविक ते आक्युरेरी हे अंतर ३८८ किलोमीटर असते, आणि तेही रस्ता खुला असेल तर.

वाहून नेलेले आणखी एक अंतर

प्रवाशाला न दिसणारे एक अंतर विमानाच्या टाकीत असते. निघताना वैमानिकाने गंतव्यापर्यंतचे, तिथे उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळापर्यंतचे, आणि त्यानंतरही टर्बाइन विमानासाठी ३० मिनिटे घिरट्या घालता येतील एवढे इंधन घ्यायचे असते. आक्युरेरीसाठी पूर्वेकडचे एईल्स्स्तादिर पर्यायी धरले तर ते आणखी सुमारे १७५ किलोमीटर पुढे आहे. ढग दरीत उतरले असतील तर अनेकदा माघारी रेक्याविक वा केफ्लाविकला येणे हाच पर्याय उरतो, म्हणजे आणखी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. चौतीस मिनिटांच्या उड्डाणासाठी त्याच्या दुपटीहून अधिक काळ पुरेल एवढे इंधन घेऊन निघावे लागते. आखूड मार्गांवरचा दर किलोमीटरचा खर्च जास्त का येतो, याचा मोठा भाग इथे आणि चढणीत दिसतो.

रस्ता

रेक्याविक ते आक्युरेरी हे रस्त्याने ३८८ किलोमीटर आहे, म्हणजे हवाई अंतराच्या दीडपटीहून थोडे जास्त. देशाला वळसा घालणारा क्रमांक १ चा मार्ग आधी उत्तरेकडे जातो, ह्वालफ्योर्दुरच्या खाडीखालच्या ५.७७ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून पलीकडे निघतो, होल्तावोर्दुहेदीचे पठार ओलांडून उत्तर किनाऱ्याकडे उतरतो, पुढे पूर्वेला वळतो आणि ओक्सनादाल्सहेदीची ५४० मीटर उंचीची खिंड चढून आक्युरेरीच्या खाडीत येतो. १९९८ साली तो बोगदा खुला होण्यापूर्वी संपूर्ण खाडीला वळसा घालावा लागे आणि अंतर चाळीसेक किलोमीटरने जास्त होते. हवाई अंतर १९३७ मध्ये जेवढे होते तेवढेच आज आहे. रस्त्याचे अंतर माणसाने कमी करत आणले आहे.

पक्क्या ग्रामीण रस्त्यावरची कमाल मर्यादा ताशी ९० किलोमीटर आहे. मर्यादेला चिकटून, एकदाही न थांबता गेल्यास चार तास एकोणीस मिनिटे लागतील. सरासरी ताशी ८० धरली तर चार तास पन्नास मिनिटे, आणि माझ्या मते तुलनेसाठी हाच आकडा प्रामाणिक आहे. हिवाळ्यात खिंडी बंद पडतात, तेव्हा कोणताच आकडा लागू होत नाही.

दारापासून दारापर्यंत, आणि विमानतळाची जागा

आता सगळे एकत्र ठेवू. रेक्याविकमधल्या घरातून शहरी विमानतळावर जायला १५ मिनिटे, उड्डाणाआधी ४५ मिनिटे पोहोचणे, विमानाची ४५ मिनिटे, आणि आक्युरेरीत सामान घेऊन तीन किलोमीटरवरच्या शहरात पोहोचायला २० मिनिटे, अशी १२५ मिनिटे होतात. मोटारीला लागतात २९०. विमानामुळे पावणेतीन तास वाचतात, आणि या सव्वाशे मिनिटांत विमान हवेत असते ती चौतीस, म्हणजे जेमतेम चौथाईहून थोडी जास्त.

हेच उड्डाण केफ्लाविकहून होऊ लागले असे समजू. केफ्लाविक ते आक्युरेरी हवाई अंतर सुमारे २८५ किलोमीटर, म्हणजे रेक्याविकच्या तुलनेत ३५ किलोमीटर जास्त. ताशी ६०० च्या वेगाने ती वाढ साडेतीन ते चार मिनिटांची आहे. नकाशा समोर ठेवून बोलणारा कोणीही म्हणेल की चार मिनिटांसाठी राजधानीच्या मधोमध एवढी मोठी जागा अडवून ठेवू नये. पण राजधानीतल्या माणसाला केफ्लाविक गाठायला ५० मिनिटे लागतात, आणि मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर तासभर आधी पोहोचणे सुज्ञपणाचे असते. ५०, ६०, ४९ आणि २० मिळून १७९ मिनिटे. सव्वाशेची जवळजवळ एकशे ऐंशी झाली. वाढलेल्या चोपन्न मिनिटांत हवेतली चार आणि जमिनीवरची पन्नास. मोटारीवरची आघाडी पावणेतीन तासांवरून दोन तासांच्या आत येते, आणि मग कुटुंबासह जाणारा माणूस गाडीनेच जाणे पसंत करील, प्रवासी घटतील, फेऱ्या घटतील आणि दोन फेऱ्यांमधली वाट पाहण्याची वेळ वाढेल.

रुग्णाच्या बाबतीत हा हिशोब याहून कठोर आहे. आक्युरेरीत रुग्णालय आहे, परंतु सर्वांत गुंतागुंतीचे उपचार राजधानीतल्या लांद्स्पीताली या राष्ट्रीय रुग्णालयातच होतात, आणि ते शहरी विमानतळाच्या अगदी लगत आहे. रुग्णवाहिकेचे विमान शहरात उतरले तर उरलेला टप्पा काही मिनिटांचा. केफ्लाविकला उतरले तर रुग्णासह ५० किलोमीटरचा रस्ता. तेव्हा चौतीस मिनिटांच्या उड्डाणानंतर तेवढाच किंवा अधिक वेळ रस्त्यावर जाईल. २०२५ मध्ये झाडांमुळे धावपट्टी बंद झाली तेव्हा सर्वांत तीव्र चिंता रुग्णवाहतुकीविषयी व्यक्त झाली, ती याच कारणाने.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही पोकळ नाही. विमानतळ शहराच्या गाभ्यालगत मोठी सपाट जागा व्यापतो, घरांची टंचाई खरी आहे, आणि विमाने दाट वस्तीवरून जातात. २००१ च्या मार्चमध्ये रेक्याविकच्या नागरिकांचे मत घेतले गेले तेव्हा ४९.३ टक्के मते २०१६ नंतर विमानतळ हलवावा या बाजूने आणि ४८.१ टक्के मते तो राहावा या बाजूने पडली. मतदान मात्र ३७ टक्केच झाले. त्या मतदानात आक्युरेरीचे लोक नव्हते, कारण प्रश्न रेक्याविक शहरापुरता विचारला गेला. मला ही त्या मतदानातली सर्वांत मोठी उणीव वाटते : दोन टोके असलेल्या मार्गाचा निर्णय एका टोकाला विचारून होत नाही. पुढे २०१३ मध्ये विमानतळ शहरातच राहावा, अशी मागणी करणाऱ्या निवेदनावर जवळजवळ सत्तर हजार सह्या झाल्या, आणि ज्या देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे तिथे हा आकडा किरकोळ म्हणता येत नाही.

२०१५ साली एका समितीने रेक्याविक आणि केफ्लाविक यांच्या दरम्यान, राजधानीपासून साधारण वीस किलोमीटरवर असलेली ह्वासाह्रोइन ही लाव्हाने व्यापलेली जागा सर्वांत व्यवहार्य ठरवली. आक्युरेरीपर्यंतच्या हवाई अंतरात तिथून पडणारी भर पंधरा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे हवेतली दीड मिनिटे. शहरातून तिथे जायला लागणारा जादा वेळ दहा-पंधरा मिनिटांचा, आणि रुग्णवाहिकेसाठी लांद्स्पीतालीपर्यंत वीस मिनिटांच्या आसपास. केफ्लाविकच्या तुलनेत हे आकडे खूपच सुसह्य आहेत, आणि धावपट्ट्यांच्या दिशा तिथे वाऱ्याचे कोन पाहून नव्याने आखता येतील, हा त्या जागेचा मोठा गुण. परंतु २०२१ च्या मार्चमध्ये फाग्राडाल्सफ्यात्ल येथे उद्रेक झाला, २०२३ च्या डिसेंबरपासून सुंधनूकुरच्या भेगांमधून एकामागून एक उद्रेक झाले, आणि शेकडो वर्षे शांत असलेला रेक्यानेस द्वीपकल्प पुन्हा जागा झाला आहे. ह्वासाह्रोइन त्याच द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्यावर आहे. त्यामुळे त्या जागेचा विचार करताना मिनिटांच्या रकान्याशेजारी आता लाव्हाच्या प्रवाहाचा आणि राखेचा रकाना आला आहे, आणि तो भरल्याशिवाय आक्युरेरीच्या प्रवाशाला किती वेळ लागेल हे ठरवता येत नाही.